उभी राय

बाबा, आज पुन्हा घसरले. पातूरच्या अलीकडे टेकडीवर दीड माणूस उंचीचा एक तिरपा, गुळगुळीत खडक आहे. हाताला धरायला काही नाही, नुसत्या पायांच्या भरवशावर चढायचं. सात रविवार झाले, अकोल्याहून स्कूटीवर जाते, खाली गादी अंथरते, घट्ट रबरी बूट चढवते, आणि मधोमध पोचले की सर्रकन खाली. पंचेचाळिशीची बाई, कोपरं सोलून घरी! असा संताप येतो की त्या खडकाला लाथ घालावी. आज घातलीसुद्धा. अंगठा सुजलाय.

सोबत ऑफिसातली एक पुण्याची मुलगी असते, तिनंच हा नाद लावला. ती वर बसून ओरडते, "ताई, पोट टेकवू नका ना! वजन पायांवर येऊ द्या. उभ्या राहा, उभ्या!" आज ते 'उभ्या राहा' कानात शिरलं आणि मला तुमची कवेलू आठवली.

दहावीची सुट्टी. तुम्ही लोकांच्या छपरांवरची कवेलू फेरायला, फुटकी कौलं काढून नवी बसवायला, जायचा आणि मी हट्टानं मागे लागलेली, मलेही शिकवा. त्या वकिलांचं उतरतं छप्पर. तुम्ही अंगणात चालावं तसे आढ्याजवळ चालताय, मी खाली पालीसारखी पोटावर. "उभी राय!" तुम्ही ओरडलात. मी थांबले. रिक्षावाल्याला 'उभा राय' म्हटलं तर तो थांबतोच ना? तुम्ही पुन्हा ओरडलात, मी आणखीच चिकटले. गुडघ्याखालून कवेलू सरकली आणि चार-पाच अंगणात जाऊन फुटली.

"उभी राय म्हनलं ना तुले! आयकत काहून नाई? उतर खाली. तुयं काम नोहे हे."

"थांबलीच तर होती मी!"

तुम्ही मला पुन्हा कधी वर नेलं नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. पण छपरावरच्या त्या दिवसापासून मी जगाला सांगत आले, बापानं पोरगी म्हणून खाली उतरवलं. अहो, दोन शब्द जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पोट उचल, कंबर सरळ कर, काहीही! इतकं कसं मोजून बोलायचं माणसानं?

मग आज रागातच पुन्हा खडकावर चढले, ताठ उभी राहून. दोन पावलं पाय खडकाला धरून राहिले, बाबा. खरंच धरतात. तिसऱ्याला खाली पाहिलं, पोट खडकाला लागलं आणि परत गादीवर.

हे पत्र कुठं टाकणार? कपाटात साड्यांखाली ठेवते. फक्त एक राहिलं. दुसऱ्यांदा ओरडताना तुम्ही तळहात खालून वर उचलून खूण केली होती, ऊठ म्हणून. ती मी पाहिली होती. समजलीही होती. मले भेव वाटलं, बाबा, म्हणून मी 'थांब' असंच ऐकलं.