तुझ्या खोलीची घंटा

बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. बाळ्या,

आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांना दुसरं काम काय!

घर नगरपालिकेला दिलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर, त्यात बाबा वीस वर्षं नगराध्यक्ष. महिनाअखेरीला संग्रहालय होणार. खोल्यांच्या पाट्या मला लिहायला सांगितल्यात. मनोरा झाला, रंगीत काचांचा जिना झाला. स्वयंपाकघरातल्या, वरच्या खोल्यांतल्या दोऱ्यांना तारेने जोडलेल्या घंटांपाशी तीन दिवस अडलेय.

आठवतं? तू वर उगाच दोरी ओढायचास, खाली तुझ्या खोलीची घंटा वाजायची, आणि सगळ्या गावाला धाकात ठेवणारे बाबा स्वतः जिना चढायचे. "बोला सरकार, काय हुकूम?"

तू विचारलंस, बाबांनी शेवटी माझी आठवण काढली का. मी मागे लिहिलं होतं, झोपेतच गेले, काही बोलले नाहीत. ते खोटं होतं.

तू भांडून गेल्यापासून अकरा वर्षं त्यांनी तुझं नाव टाकलं होतं. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तुझ्या खोलीची घंटा वाजायला लागली. घरात आम्ही दोघंच, आणि बाबांना तर न्हाणीपर्यंत जायलाही माझा हात लागायचा. म्हटलं, तारेवरून उंदीर पळत असतील. त्यांना सांगितलंसुद्धा, "बाबा, बाळ्याच्या खोलीत उंदीर झालेत." "असतील," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

रोज दुपारी माझी झोपमोड. शेवटी मिस्त्रीला बोलावून ती तार कापून घेतली. फार हुशारी केली मी!

आठवड्याने चारचा चहा घेऊन वर गेले, तर पलंग रिकामा. बाबा शेजारच्या खोलीत तुझ्या खाटेवर बसलेले, मान कलंडलेली, मनगटाला दोरीचे दोन वेढे. अंग गार पडलं होतं. किती वेळ ओढत होते कोण जाणे. मी खाली निवांत घोरत होते रे.

तुझी आठवण काढली, बाळ्या. रोज काढली. मीच तिचा आवाज बंद केला. हे कुणाला सांगू?

परवा तार पुन्हा जोडून घेतली. महिनाअखेरपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे. राग आला असेल तर ये आणि तोंडावर बोल. बोलायचं नसेल तर नुसता वर जा आणि एकदा दोरी ओढ. गुडघे गेले खड्ड्यात, मी जिना चढून येईन.

बाबांना ओ न दिलेली,
तुझी ताई