हळदीचा डाग पडलेले शेअर

प्रति,
मा. तक्रार अधिकारी,
शेअर दलाल नियंत्रण कार्यालय,
मुंबई.

विषय : एकाच वेळी, एकाच शेअरला भावास चढा व बहिणीस पडता दर लावल्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावर आपण केलेली चौकशी (तिला चौकशी म्हणता आल्यास).

महोदय,

१. अर्जदार आप्पा सदाशिव बेहेरे, आंबा बागायतदार, रा. रत्नागिरी, याने दलालांनी रुमालाखाली बोटे दाबून ठरवलेला पेटीचा भाव जन्मभर निमूट घेतला. शेअरचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो, तिथे तरी लबाडी नसेल, असे त्यास वाटत होते. आपल्या त्या भाबडेपणाची त्यास आता किळस येते.

२. अर्जदाराची विधवा बहीण श्रीमती कमला आठल्ये त्याच घरात मधल्या दारापलीकडे राहते. तिला शिवणवर्ग काढण्यासाठी यजमानांचे सिमेंट कंपनीचे शेअर विकायचे होते. ते घरातच राहावेत म्हणून अर्जदाराने घ्यायचे ठरवले. बहिणीशी घासाघीस करणे शोभत नाही, सबब दर बाजारानेच ठरवावा म्हणून दोघे मिळून दलाल श्री. भिकाजी गांगण यांच्याकडे गेले. दोघांच्या ऑर्डरी भिकाजींनी त्यांच्यासमक्ष एकाच ट्रंककॉलवर मुंबईस सांगितल्या.

३. दुसऱ्या दिवशी दर छापलेले वर्तमानपत्र आले आणि ते पाहूनच जणू मग बिले आली. अर्जदारास आदल्या दिवसाचा सर्वांत वरचा दर, कमलाबाईंस सर्वांत खालचा. जाब विचारता भिकाजी म्हणाले, "आप्पा, तुम्ही घेतलात तेव्हा बाजार वर होता. ताईने विकलंन तेव्हा खाली. त्याला मी काय करू हो?"

४. पुढे शेअरचे कागद हाती आले. क्रमांक तेच, आणि कमलाबाईंच्या डब्यात ठेवलेले असताना लागलेला हळदीचा डागही तोच! म्हणजे कागद भिकाजींच्या खणातून बाहेरच पडले नव्हते. बहिणीकडून भावाकडे येताना दोन दरांतला फरक मधल्या मध्ये खाल्ला गेला.

५. पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने चौकशी कोणाकडे द्यावी? तर भिकाजींकडेच! ते वही घेऊन घरी आले, ओळखीच्या अर्जदारास "तक्रारदाराचे संपूर्ण नाव?" असे विचारते झाले, कोकमाचे सरबत प्याले आणि "तक्रारीत तथ्य नाही" असे लिहून गेले. दुसरा पेलाही त्यांनी मागून घेतला.

६. भिकाजी हसतखेळत गेलेले कमलाबाईंनी पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, "पैसे गेले तर गेले रे. तू नेलंस म्हणून मी गेले. तू त्याला सामील होतास काय, तेवढं सांग." अर्जदाराने देवाशपथ नाही म्हटले. त्या दिवसापासून मधल्या दाराला पलीकडून कडी आहे.

७. सबब विनंती की, फरकाची रक्कम भिकाजींकडून वसूल करून थेट कमलाबाईंस द्यावी. अर्जदारास त्यातला पैसाही नको. त्यास फक्त, सदर दर लावण्यात त्याचा हात नव्हता, असा आपल्या सहीशिक्क्याचा कागद हवा, आणि तोही भाऊबीजेपूर्वी. चौकशी पुन्हा भिकाजींकडे दिल्यास सरबत मिळणार नाही.

कळावे,
आपला नम्र, परंतु अत्यंत विटलेला,
आप्पा सदाशिव बेहेरे
रत्नागिरी, १४ ऑक्टोबर १९८६

सोबत :
(१) दोन्ही बिले
(२) त्या दिवशीच्या दरांचे वर्तमानपत्री कात्रण
(३) डाग पडलेला मूळ शेअर सोबत नाही. तो दलालांच्या हाती पुन्हा जाऊ नये म्हणून घरीच ठेवला आहे.

प्रत माहितीसाठी : श्रीमती कमला आठल्ये यांस, मधल्या दाराखालून.