फळी धरणारी

गुन्सान,
१७ नोव्हेंबर

प्रिय सांग-बोम दादा,

वाकून नमस्कार. कपाळ जमिनीला टेकवूनच केलाय, तुला तिथून दिसला नाही तरी.

कसा आहेस? अल्माटीत बर्फ पडला असेल एव्हाना. वहिनी बरी आहे ना? आणि लेक? मागे फोनवर ती माझ्याशी एक शब्द धड बोलली नाही, नुसती खिदळत होती. तिला आपली कोरियन भाषा शिकव रे. तिकडच्या पोरांना तायक्वांदोच्या लाथा मारायला शिकवतोस, मग घरच्या पोरीला चार शब्द शिकवायला काय होतं तुला?

इकडं वर्षाची किमची घालायचे दिवस आहेत. आईने यंदा इतके कोबी आणलेत की न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. मी मदत करते, म्हणजे मीठ चोळते आणि बोलणी खाते. तिचं म्हणणं, लग्न केलं असतंस तर सासूची बोलणी खाल्ली असतीस, आता माझी खा. बाकी तिची तब्येत चांगली आहे. गुरुजीही बरे आहेत. हाताला थोडं लागलंय, पण बरे आहेत.

तू म्हणशील, हिला अचानक पत्र लिहायची हुक्की कुठून आली. फोनवर तू 'हं', 'बरं', 'ठेवू?' एवढ्यात आटोपतोस, आणि मला हे सगळं सलग सांगायचंय, कुणी मध्ये तोंड न घालता. तालमीच्या ग्रुपवरून मला काढून टाकलंय. तिथं आता माझ्याबद्दल काय काय चाललंय ते मला दिसत नाही, पण अंदाज आहे. गुरुजींचा लेक दोंग-ग्यू तुला या आठवड्यात फोन करणार. इतकी वर्षं सणालासुद्धा त्याला तुझी आठवण आली नाही, आता येईल. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून जलद टपालाने पाठवतेय.

आधी तालमीचं सांगते. तुझ्या डोळ्यांपुढे जी तालीम आहे ना, ती पुसून टाक. गुडघ्यांपायी गुरुजी मुजूला गावी राहायला गेले आणि सगळा कारभार त्यांच्या लेकाच्या हाती आला. तो त्याच्या हाती द्यावा की तुझ्या, यावरून काय महाभारत झालं ते मी उगाळत बसत नाही. तू निघताना गुरुजींना वाकला नाहीस, त्यांनी पुन्हा तुझं नाव काढलं नाही. दोघं एकाच मुशीतले. मी आपली राहिले, पोरांना शिकवत.

आता तिला कुणी तालीम म्हणत नाही, 'क्लास' म्हणतात. पिवळी गाडी शाळेच्या दारातून पोरं उचलते आणि संध्याकाळी घरी सोडते. एक दिवस दोरीउड्या, एक दिवस फुगे आणि चेंडू, एक दिवस कुणाचा तरी वाढदिवस आणि केक. मधल्या फटीत तायक्वांदो. पोरगं नीट उभं राहायला शिकायच्या आत त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा रंग बदललेला असतो. वाकून नमस्कार करताना एका हाताने मोबाईल खिशात कोंबतात. मी ओरडले तर घरी आईला सांगतात, आणि आई दोंग-ग्यूला.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, हे काय लावलंयस. तो गाडी पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "ताई, गुन्सानात पोरं उरलीत कुठं? समोर पियानोचा क्लास होता, तिथं आता म्हाताऱ्यांचं पाळणाघर झालंय. माझ्याकडून पोरगं रडत घरी गेलं की दुसऱ्या दिवशी त्याची आई गाडी दारात थांबू देत नाही. तू शिकव ना उभं राहायला. कुणाला शिकवणार, रिकाम्या फरशीला?"

खोटं बोलत नव्हता तो. म्हणून तर जास्त राग आला.

फळ्यांचं मात्र मी त्याला कधीच माफ करणार नाही. गुरुजी सुताराकडून पाइनच्या फळ्या आणायचे आणि जशा यायच्या तशाच आपल्याला फोडायला द्यायचे. नाही फुटली तर म्हणायचे, "नाही फुटली. उद्या ये." बस्स. दोंग-ग्यू त्याच फळ्या मागच्या खोलीत तापत्या फरशीवर रचून ठेवतो, खालच्या गरम पाण्याच्या नळ्यांची ऊब पार वाढवून. लाकडातला सगळा ओलावा उडून जातो. मग फळी अशी होते की पोर शिंकलं तरी तुटावी. "आईबाप आवाज ऐकायला येतात, ताई," असं म्हणतो. मी भांडले, पुन्हा भांडले, मग भांडायची थांबले. पोरांसाठी राहिले असं सगळ्यांना सांगते. खरं सांगू? मला दुसरं काही येत नाही.

आई हाक मारतेय. उरलेलं उद्या लिहिते.

काल थांबले ते आईने हाक मारली म्हणून नव्हे. पुढचं लिहवत नव्हतं.

मागच्या रविवारी सकाळी तालमीचा वर्धापनदिन होता. दोंग-ग्यूने गुरुजींना मुजूहून गाडीने आणलं, पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, छातीला फूल लावलं. मागे आईबाप, मोबाईल उंच धरलेले. गुरुजी किती बारीक झालेत रे. कोट खांद्यांवरून उतरत होता.

पोरांनी गाण्यावर लाथा मारल्या, सगळं छान झालं. मग सो-दाम आली. बाजारात सुकी मासळी विकणारी बाई आहे ना, तिची लेक, दहा वर्षांची. पोरगी मेहनती आहे, चांगल्या ठिकाणी असती तर पुढे आली असती. तिने ओळीने धरलेल्या फळ्या फाडफाड तोडल्या. टाळ्यांचा कडकडाट. ती एक तुकडा घेऊन धावत गुरुजींपुढे आली, वाकली आणि दोन्ही हातांनी तो त्यांच्या पुढे केला.

गुरुजींनी तुकडा घेतला. नाकाशी नेला. मग दोन बोटांत धरून मोडला. पापड मोडावा तसा मोडला.

"बाळ, हात दुखला का?"

"नाही, आजोबा. अज्जिबात नाही."

"थोडा दुखायला पाहिजे होता गं," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग उठले. दोंग-ग्यू मध्ये आला. "बाबा, बसा ना, कार्यक्रम चाललाय." त्याला बाजूला सारून ते मागच्या खोलीत गेले. मी त्यांच्या मागोमाग. दारातच थबकले, अनवाणी पायांना फरशी झोंबली असणार. रचलेल्या फळ्यांकडे बघत राहिले. मला वाटलं माझ्याकडे वळून विचारतील, तू इथं असताना हे झालं? विचारलं नाही. ते बरं की वाईट, अजून ठरवता येत नाही. दाराशी नव्या फळ्यांचा गठ्ठा पडला होता, सुताराकडून नुकताच आलेला, अजून थंड आणि ओलसर. त्यातली एक उचलून ते बाहेर आले, मधोमध उभे राहिले. कोट काढून दोंग-ग्यूच्या हातात दिला.

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. मीही कार्यक्रमच करतोय." मग मला म्हणाले, "उन-सुक, धर."

दादा, फळी धरणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण मला लिहायचंय. नगरपालिकेचा कुणी पाहुणा आला, त्याच्याकडून फळी फोडून घ्यायची असली की धरणारा काय करतो? बोटांनी मागून हलकेच दाबून फळीला आधीच बाक देतो आणि ठोसा येतो त्या क्षणाला पुढे रेटतो. पाहुण्याच्या हाताला नुसता स्पर्श होतो आणि फळी दोन तुकडे. बघणाऱ्याला काही कळत नाही. हे आपल्याला गुरुजींनीच दाखवलं होतं, आणि म्हणाले होते, हे पाहुण्यांसाठी, आपल्या माणसासाठी कधी नाही.

मी फळी धरली. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांचे सांधे मला दिसत होते, गाठी गाठी झालेले. ऐंशीला टेकलेला माणूस, महिनोन्‌महिने मूठ आवळलेली नाही. ओली फळी. ती फुटणार नाही हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. मी पुटपुटले, "गुरुजी, नको."

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तुला ती नजर माहितीये.

माझी बोटं मागून दाबायला लागली होती. खरंच लागली होती, दादा. थोडासा बाक दिला असता तर फळी फुटली असती, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, गुरुजी हसत खाली बसले असते, आणि मी आयुष्यभर चांगली शिष्या राहिले असते. पण मग गुरुजी माझे पाहुणेच झाले असते ना? मी बोटं सैल केली, कोपरं ताठ केली, पाय रोवले.

त्यांनी ठोसा मारला. फळी फुटली नाही. जो आवाज झाला तो फळीचा नव्हता.

गुरुजींनी हात पाठीमागे घेतला, ठोसा मारणारा धरणाऱ्याला वाकतो तसे मला वाकले, कंबरेतून पूर्ण. मग पोरांकडे वळून म्हणाले, "मुलांनो, ही फळी." एवढंच. आणि दोंग-ग्यूकडून कोट घेऊन खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर बालवर्गाचं दोरीउड्यांचं नाच-गाणं होतं. ते संपेपर्यंत हलले नाहीत. डाव्या हाताने मांडीवर टाळी देत होते, आणि उजवा हात कोटाखाली सुजत होता. हातातली दोन हाडं मोडलीत.

तर 'हाताला थोडं लागलंय' ते हे. मी धरलेल्या फळीवर लागलंय.

दवाखान्याच्या बाहेर दोंग-ग्यूने मला गाठलं. डोळे लाल होते, रडला होता. मला त्याचा राग करायचा होता, जमलं नाही.

"ताई, तू जरा रेटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू त्या फळ्या भाजल्या नसत्यास तर?"

"ते सोड आता. बाबांचा व्हिडिओ अख्ख्या गावात फिरतोय. म्हाताऱ्या गुरूला फळी फुटेना म्हणून लोक हसतायत. कसं वाटतंय ऐकायला?"

मी दाराकडे वळले, तो आडवा आला.

"सगळ्यांसमोर एवढंच म्हण की तुझी पकड वाकडी होती. चूक झाली म्हण. बाबांचं नाव राहील. फळ्यांचं मी बंद करतो, शब्द देतो. तुझा वर्गही तुला राहील. नाहीतर शनिवारी मी जुन्या शिष्यांना बोलावतो आणि तुझं नाव तालमीतून काढतो."

दादा, मी अर्धी कबूल झाले होते. जास्तच, पाऊण. त्यांची अब्रू वाचते, फळ्या बंद होतात, मला राहता येतं. एका वाक्यात तिन्ही. असा सौदा कोण सोडेल?

मी आत गेले. गुरुजी उशीला टेकून बसले होते, हात प्लास्टरमध्ये. सून पाणी आणायला गेली होती. मी त्यांच्यासाठी नाशपाती सोलायला घेतली आणि खाली बघतच म्हणाले, "गुरुजी, मी लोकांना सांगते की पकड वाकडी होती."

"होती का?"

"नाही."

गुरुजी माझ्या हातातल्या सालीकडे बघत होते. मग म्हणाले, "पकड चांगली होती." आणि फोडीसाठी डावा हात पुढे केला.

बस्स. लेकाला ते हे सांगणार नाहीत, मला ठाऊक आहे. मला पाठीशी घालणार नाहीत, त्याला रागावणार नाहीत. बाप आहेत. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही 'चांगलं' म्हटलं नव्हतं, तुला तरी कधी म्हटलं? आणि मी लगेच बाहेर जाऊन तेच खोटं ठरवू? मी बाहेर आले आणि दोंग-ग्यूला नाही म्हणून सांगितलं. त्याच दुपारी ग्रुपवरून गेले.

आता शनिवारचं. नाव काढायचं तर सगळ्यात थोरल्या शिष्याचा होकार लागतो, आणि तू रुसून गेलास तरी थोरला तूच आहेस. तो तुला सगळ्यांसमोर फोन लावेल आणि विचारेल, उन-सुकची पकड वाकडी असेल का. तुझा गुरुजींवरचा राग मला माहितीये. त्यांना फळी फुटली नाही हे वाचून तुला आतून कुठंतरी बरं वाटलं असेल, ओळखते मी तुला. वाटू दे, मी कुणाला सांगणार नाही. पण त्या फोनवर तो राग काढू नकोस.

मला वाचव असं मी म्हणत नाहीये. तू वर्षानुवर्षं माझ्या हातातल्या फळीवर मारलंस. फुटलेल्या माझ्याच हातातल्या, आणि ज्या नाही फुटल्या, ज्यांच्यापायी तू दात-ओठ खात घरी गेलास, त्याही माझ्याच हातातल्या. तेव्हा एकदा तरी मी तुला रेटून दिलं का? त्या फोनवर सगळ्यांना तेवढंच सांग. मग त्यांनी मला ठेवलं काय, काढलं काय.

आणि जमलं तर गुरुजींना फोन कर. त्यांना फोन धरता येत नाही, सून कानाला लावेल. तू काही बोलला नाहीस तरी चालेल, तेही बोलणार नाहीत.

तालमीतली तुझी धाकटी बहीण, शनिवारपर्यंत तरी,
उन-सुक