काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरची जास्वंद

रविवार संध्याकाळ, लालबाग

अजून डोळ्यांवर विश्वास बसत नाहीये. दादाने शाळेत असताना घरच्या कॉम्प्युटरवर गणपती काढला होता, त्याची कॅसेट आज मी लॅपटॉपवर उतरवली. एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम त्या जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेतो. तेव्हा कॅसेट कुंई-कुंई करत लोड व्हायची, तोवर आई भात टाकायची. आज क्षणात गणपती आला. तोही रंगीत. पायाशी जास्वंद, लालभडक.

त्या कॉम्प्युटरला पडदा म्हणून घरचा टीव्हीच जोडायचा, आणि आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. दादा करड्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगायचा, "ही जास्वंद लाल, ह्या दूर्वा हिरव्या," आणि आई हात जोडायची. कॉम्प्युटरला प्रत्येक रंग आकड्याने सांगावा लागे; ते आकडे त्याने पुस्तकात बघून घातले होते. म्हणजे रंग त्यानेही कधी पाहिले नव्हते?

नाहीच. आज पन्नाशीतला दादा स्क्रीनला नाक लावून बसला. मी चित्राच्या कडा गुळगुळीत केल्या तर म्हणाला, "नको गो, माझे चौकोन दिसू देत." मग त्या लाल जास्वंदीवर बोट ठेवून म्हणाला, "मला वाटायचं, मी आईला थाप मारतोय."