रोजचं तिखट

३ मार्च, सोमवार

तिखटात जंतू निघाले! माझ्या तिखटात!

वर्षालीचा अकोल्याहून फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारत बसली — गुडघा कसा आहे, बाबानं हरभरा काढला का. नात हुशार आहे, पण आवाज लपवता येत नाही तिला. मी म्हटलं, "मुद्द्याचं बोल व पोरी." तेव्हा हळूच म्हणाली, "आजी, तुह्या तिखटात साल्मोनेला निघाला."

"तो कोण व?"

"जंतू. हगवण लावते, ताप आणते. तान्हं पोरगं असलं त जीवही घेते."

मी हसले तिच्या तोंडावर. जखमेवर चिमूटभर पडलं तर माणूस अंगणभर नाचते, त्या तिखटात जंतू जगते? मग त्यानं मायचं दूध प्यायलं म्हणावं लागेल! ती नाही हसली.

तिथल्या कॉलेजात तिचा वाफेचा प्रयोग चालू आहे. स्वच्छ तिखट घ्यायचं, त्यात आपण जंतू सोडायचे, मग वाफ द्यायची आणि किती मेले ते पाहायचं. मसाल्याच्या कंपन्यांना कामी येणार म्हणे. त्याच्यासाठी एकदम स्वच्छ तिखट पाहिजे होतं. आमच्या पोरीनं छाती ठोकून तिच्या सरांना सांगितलं — माझ्या आजीचं आणते, दर्यापुरात त्याच्यासारखं नाही. आणि हिनं सोडायच्या आधीच त्यात जंतू हजर!

काय बाप्पा ऐकावं लागते एकेक.

४ मार्च

चक्कीवर साधनाला सांगितलं. आमच्या बचत गटाचं दळण तीच करते. आम्ही अकरा बायका या तिखटावर दोन घास खातो, पाकिटावर फोटो माझा. (फोटोत मी कोणाच्या मयतीला बसल्यासारखी दिसते, पण खपते.)

साधना म्हणे, "काकू, तुमच्या नातीनंच हात न धुता डबा उघडला असन. हॉस्टेलातल्या पोट्ट्या, केस मोकळे सोडून फिरतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. सीमा — माझी सून, वर्षालीची माय — हसली नाही. सूप आपटून घरी निघून गेली.

८ मार्च

आज वर्षालीनं खोदून खोदून विचारलं. पोलिसासारखं.

मिरची कुठे वाळवता? अंगणात, टिनाच्या छपराच्या बाजूला. टिनावर काय असते? काय असणार, कबुतरं. मग देठं कशी खुडता? म्हटलं, जशी तुझी पणजी खुडायची तशीच — संध्याकाळी मिरचीवर पाणी शिंपडायचं, ओलं गोणपाट झाकायचं, सकाळपर्यंत मिरची नरम. मोडत नाही, ठसका लागत नाही. मग पुन्हा उन्हात टाकायची.

तिनं सगळं परत एकदा सांगायला लावलं.

"आजी, तोच त घोटाळा हाये. कबुतराच्या विष्ठेतून येते तो. वाळल्या मिरचीत तो मरत नाई, निपचित पडून राह्यते. म्हयनेच्या म्हयने. ओल लागली का उठते अन् वाढते."

म्हणजे आम्ही त्याला रोज संध्याकाळी पाणी पाजून, गोणपाट पांघरून निजवत होतो! आणि वरून म्हणायचो, बाई, किती स्वच्छ काम!

"शिजवलं का मरते," म्हणाली. "फोडणीत, रश्श्यात काही भेव नाई. पण आपण कच्चं खातो न."

कच्चं तेल-तिखट आणि भाकर. मी सकाळी तेच खाऊन बसले होते. उठून ताट घासून टाकलं, दोनदा.

मी विचारलं, आता पुढे काय. तिनं सांगितलं ते असं — दोनपैकी एक. तिखट खराब, नाहीतर तिचा हात खराब. हात खराब ठरला तर सर तिला प्रयोगावरून काढतील. तिखट खराब ठरलं तर आमची विक्री बंद.

हे ऐकून फोन सीमाच्या हातात दिला.

१७ मार्च

सर स्वतः येणार! बुधवारी. आमच्या घरचे नमुने त्यांच्या हातानं नेणार.

१८ मार्च

आज सगळ्या बायका सकाळपासून जुंपल्या. अंगण शेणानं नाही, फिनाईलनं धुतलं. टिनावर पोट्टे चढवून कबुतरं हाकलली, टिन घासून काढलं. चक्की साधनानं उघडून एकेक भाग पुसला. नवी मिरची आणली होती — एकेक पुसून घेतली, पाणी शिंपडलं नाही, कढईत चांगली खरपूस भाजून दळली. ठसक्यानं सगळ्या गल्लीच्या डोळ्यांत पाणी! शेजारची ललिता ओरडली, "काकू, आमाले मारता का?" म्हटलं, "तू नाई मरत, तू बी साल्मोनेलाच हायेस."

कोणाच्या मनात पाप नव्हतं. पाहुणा येते तर घर झाडतेच माणूस.

१९ मार्च

सर येऊन गेले. मला वाटलं कोणी ढेरपोट्या सायेब असेल. हा तर काडीसारखा, चेहरा उन्हानं काळवंडलेला, हातात बर्फाची पेटी. चहा घेतला, नाश्ता नाही घेतला. हातमोजे घालून आम्ही ठेवलेल्या डब्यांतलं तिखट छोट्या पिशव्यांत भरलं. दहा वेळा विचारलं, "आजी, हेच का रोजचं?" आम्ही सगळ्या एका सुरात — "हो, हेच!"

जाताना म्हणाले, "वर्षालीचा हात फार स्वच्छ आहे, आजी. म्हणूनच मी आलो."

मला त्याचा अर्थ कळला नाही. माणूस बरा वाटला, एवढंच.

२५ मार्च

निकाल आला! स्वच्छ! एकाही पिशवीत जंतू नाही!

साधनानं साखर वाटली. बायकांनी मला मधात बसवून फुगडीच घालायची बाकी ठेवली. मीही ऐटीत म्हटलं, "पाह्यलं? मैनाबाईचं तिखट हाये ते. जंतू आला तरी माफी मागून परत जाईन."

तेवढ्यात सीमा दारातून म्हणाली — ओरडली नाही, साधंच म्हणाली —

"मंग माही पोरगी खोटी का, आत्याबाई?"

तोंडातली साखर कडू झाली. साधना चक्कीकडे पाहायला लागली.

माझ्या डोक्यात एवढा वेळ उजेड पडला नव्हता! आम्ही तिखट धुतलं, पुसलं, भाजलं आणि सगळा मळ पोरीच्या हाताला लावून दिला!

२६ मार्च

वर्षाली फोन उचलत नाही. दिवसभर नाही.

२७ मार्च

कोठीत जुन्या मिरचीच्या तिखटाचं एक पोतं उरलं आहे. वर्षालीनं जे तिखट नेलं, ते ह्याच मिरचीचं. दळून ठेवलेलं, गोणपाटाखालचं, कबुतराखालचं. रोजचं.

साधनाला म्हटलं, हे पोतं मी उद्या अकोल्याला नेते. ती खवळली.

"काकू, येडं लागलं का? सुटलो न आपण! जाळून टाकू त्या पोत्याले, भानगडच मिटली. माह्या पोरीची फी ह्याच्यातूनच जाते. अकरा घरं हायेत, काकू!"

"अन् माही नात?"

"तिचं काय, शिकलेली हाये ते. तिले दुसरं काही भेटन. आमाले काय भेटन?"

तिचं चुकत नाही. तेच तर वाईट. चुकलं असतं तर दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते. आज शिवीच सापडली नाही.

काडीपेटी घेऊन आली होती बाई. मी पोत्यावर बसून राहिले, ती जाईपर्यंत.

२८ मार्च

यष्टीत पोतं चढवायला कंडक्टर तयार नव्हता. "म्हातारे, यात काय?" म्हटलं, "तिखट. डोळ्यात टाकू का?" चढवलं.

कॉलेजात वर्षाली कोपऱ्यात काचेच्या नळ्या धूत उभी होती. तिच्या टेबलावर दुसराच पोट्टा बसलेला. मला पाहून तिचं तोंड पांढरं पडलं.

"आजी, कायले आलीस तू?"

"फोन कायले उचलत नाईस?"

ती नळ्या धूतच राहिली. मी तिला तसंच ओढत सरांच्या खोलीत नेलं. पोतं त्यांच्या टेबलावर चढवता आलं नाही, पायाशी टाकलं.

"सायेब, तुमी आले तवा आमी तुमाले लगनातलं तिखट दाखवलं. रोजचं हे हाये."

सगळं सांगितलं — पाणी, गोणपाट, कबुतरं, कढई. बोलताना तोंड वर करायची हिंमत होईना. एवढी लाज मला लग्नातही नव्हती वाटली!

सरांनी पोत्याचं तोंड उघडून पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आजी, वर्षालीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की चूक तिची आहे. डबा उघडा राहिला, हात लागला, असं. माझा विश्वास बसला नाही. म्हणून मी तुमच्या घरी आलो. तुमचं तिखट स्वच्छ निघालं, मग मला तिचं खरं मानावं लागलं."

मी खुर्चीवर बसले. कोणी बस म्हटलं नव्हतं.

म्हणजे हिनं आपल्याच हातानं आपली मान दिली! आणि तिला सोडवायला आलेल्या माणसाला आम्ही भाजकं तिखट देऊन परत पाठवलं!

"बह्याड कार्टे," मी म्हटलं, "तू खोटं कायले बोललीस?"

"अकरा बायांचं पोट हाये तुह्या पाकिटावर, आजी."

"पाकिटावर माहा फोटू हाये. तुहा नाई."

ती रडायला लागली. मला रडणं आवडत नाही. तिला म्हटलं, आधी त्या पोट्ट्याला टेबलावरून उठव, मग रड.

३० मार्च

पाडवा. गुढी सीमानं उभारली. मी दुकानादुकानातून पाकिटं परत मागत फिरले. किराणावाला विचारे, "काकू, भाव वाढला का?" म्हटलं, "नाई, किंमत कमी झाली." अकोटला, वलगावला गेलेली पाकिटंही मागवली. घराच्या मधल्या खोलीत ठेवत गेले. सणाच्या दिवशी घरभर ठसका.

ज्यांनी खाऊन टाकलं त्यांना काय सांगू? दोघींना सांगितलं, कच्चं नका खाऊ, शिजवून खा. त्यातली एक म्हणे, "मागच्या म्हयन्यात आमच्या पोराले सलाईन लावली, त्याच्यानं का?"

मला माहीत नाही. मी खरंच म्हटलं, माहीत नाही. तिनं दार लावून घेतलं.

३ एप्रिल

साधनानं चक्की बंद ठेवली. रस्त्यात दिसली, तोंड फिरवून गेली. बाकीच्याही तशाच. ललितानं मात्र वाटीभर वरण आणून दिलं. म्हणाली, "काकू, हे बिनतिखटाचं हाये, भिऊ नका." अवदसा मेली. वरण संपवलं.

२४ एप्रिल

वर्षालीचा फोन. पोत्यातल्या तिखटात तो निघाला. जिथे हात घातला तिथे. 'चूक माही' म्हणणारी पोरगी खोटारडी ठरली एकदाची.

मला वाटलं खूश असेल. पण आवाज भलताच लागला.

"आजी, आयक. मी दोन वर्षं वाफेत जे जंतू मारले न, ते कॉलेजात वाढवलेले होते. पाळीव. आता तुह्या अंगणातले घेतले, तेवढीच वाफ देल्ली. मेलेच नाई!"

"म्हंजे?"

"उन्हात वाळून वाळून चिवट झाले ते. म्हंजे माहं सगळं चुकलं. अन् एवढी वाफ पुरते, असं सर पुढच्या म्हयन्यात कंपन्यांले सांगणार होते. साऱ्या मुलखानं तेच खरं मानलं असतं."

साधनाची काडीपेटी डोळ्यांपुढे आली.

"मंग आता?"

"आता पयल्यापासून. तुह्याच जंतूवर." आणि ती हसून राहिली होती! दोन वर्षं मातीत गेली आणि पोरगी हसून राहिली! "सर विचारून राहिले, आजी — तसलं तिखट आणखी हाये का?"

मी मधल्या खोलीकडे पाहिलं.

"घर भरलं हाये," म्हटलं. "गाडी पाठवाले सांग."