निघोज्याचा रंगराव

७ जानेवारी १९५८, चिंचवड

माझ्याकडे रेडिओ आहे म्हणे!

सकाळी पोस्टमन दारात उभा. "रंगराव, रेडिओचं लायसन डिसेंबरातच संपलं तुमचं. पैसे भरून टाका, नाहीतर दंड होईल." म्हटलं, माझ्याकडे घड्याळसुद्धा नाही, रेडिओ कुठला? तो हसला. "लपवून ऐकता होय? शेजाऱ्यांना कळू द्यायचं नसेल." आणि दारातूनच वाकून खोलीचे कोपरे बघून गेला. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात ट्रंक, तिसऱ्यात वळकटी. रेडिओ असता तर मी लपवला असता का? ऐकायला म्हणून तरी कोणी आलं असतं.

दुसरा कोणी रंगराव असेल. सोडून दिलं.

११ जानेवारी

दुसरा कोणी नाही. मीच!

पुण्याच्या रेडिओच्या दुकानातला वसुलीचा माणूस आला. सोपानराव नाव. टोपी काढून घाम पुसत म्हणाला, हप्ते थकलेत तुमचे. करारावर माझं नाव, माझा पत्ता, कारखान्यातलं माझं काम. सोबत माझ्या पगाराचा दाखला — तो तर खराच. फक्त सही माझी नाही. माझ्या सहीपेक्षा झोकदार आहे.

दाखला पाहिला आणि डोक्यात उजेड पडला. तो माझ्या ट्रंकेत असायचा. ट्रंकेला कुलूप नाही. आणि दसऱ्यापर्यंत या खोलीचं निम्मं भाडं ज्योतीराम भरत होता. कारखान्याने त्याला कमी केलं, तसा दिवाळीआधी मी पाळीवर असताना निघून गेला. निरोप नाही, काही नाही. मला वाटलं, लाजला असेल बिचारा. एका तव्यावरची भाकरी खाल्ली आम्ही! तापाने फणफणला होता तेव्हा रात्रभर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलल्या मी. त्याची ही परतफेड.

सोपानराव मला पायापासून डोक्यापर्यंत बघत होता. म्हणाला, "माल नेणारा उंच होता. तुम्ही तो नव्हे, हे मला दिसतंय. पण दुकानाच्या दफ्तरी रंगराव म्हणजे तुम्हीच." रेडिओ कुठे आहे हेही त्याला ठाऊक. एरियल बांधायला दुकानाचा माणूस निघोज्याला गेला होता, कोणा सुभद्राबाईच्या घरी.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ आणून ठेवला होता. कोणी आलं नाही. घरमालकीण शालनबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच हातावर एक लाडू ठेवला. "तुमचा रेडिओ काही ऐकू येत नाही हो," म्हणाल्या. म्हणजे पोस्टमनने गावभर केलं! म्हटलं, माझा नाहीच तो. त्या बरं म्हणाल्या, पण तोंड वाकडं करून. कंजूष ठरलो.

राहिलेला तिळगूळ मीच खाल्ला.

१६ जानेवारी

दुकानाचं पत्र कारखान्यात पोचलं. टाइम ऑफिसच्या कारकुनाने बोलावून घेतलं. मार्चमध्ये काहीजणांना कायम करायचं आहे, यादीत माझं नाव आहे. "हे आधी निस्तरा," म्हणाला. "उद्या कोर्टाकडून तुमच्या पगारावर जप्ती आली, तर साहेब यादीतून नाव खोडतील."

एवढी वर्षं मशीनखाली पाठीवर लोळून काढली. कायम होणं एवढी एकच गोष्ट पुढे दिसत होती. तीही आता एका रेडिओपायी जायची, जो मी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

१८ जानेवारी

गावातल्या उद्धवराव वकिलांकडे जाऊन आलो. ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "माल तू घेतला नाहीस, तेव्हा हप्ताही तुझा नाही. चौकीवर तक्रार दे, दुकानाला लेखी कळव, दोन्हींची पोच घे." मी उठायला लागलो, तर अडकित्ता माझ्यावर रोखला. "बस. एक हप्ता जरी भरलास — दयेने, भीतीने, कशानेही — की ते लोक म्हणतील, माल कबूल केलास. आणि माल तुझ्या हाती आलाच, तर वापरायचा नाही, विकायचा नाही, फेकायचाही नाही. परक्याची वस्तू म्हणून जपायची आणि ज्याची त्याला परत करायची. एकदा का त्या रेडिओचा कान पिळलास, की तो तुझ्या गळ्यात पडला म्हणून समज."

चोरी त्याने करायची आणि जपायचं मी? "जग असंच आहे," म्हणाले आणि फी मागितली.

चौकीवर तक्रार दिली. हवालदाराने विचारलं, हा ज्योतीराम तुमचा कोण? तोंडातून "मित्र" गेलं. त्याने तसंच लिहून घेतलं. मी खोडायला सांगितलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

निघोज्याला गेलो होतो. तळवड्यापर्यंत सायकलवर, पुढे इंद्रायणीच्या उतारातून सायकल खांद्यावर घेऊन. ज्योतीराम भेटला की गचांडी धरायची, एवढं ठरवून निघालो होतो. वाटभर शिव्यांची उजळणी केली.

ज्योतीराम नाही. पंधरा दिवसांपूर्वीच निघून गेला. घरात एकटी म्हातारी — सुभद्राबाई. थोडं रान, एक म्हैस, मुलगा नाही, लेक सासरी लांब. तिच्या पडवीत तो भाड्याने राहायचा. रंगराव म्हणून!

रेडिओ कोनाड्यात होता, वर खणाचा तुकडा पांघरलेला.

मी चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या आणि आत गेलो. "कोन म्हनायचं?" तिने विचारलं. आणि मला काय झालं देव जाणे — "ज्योतीराम," म्हणालो. "रंगरावचा दोस्त." खरं नाव सांगायचं, म्हणजे तिच्या घरात राहिलेला माणूस चोर, हेही तिला तोंडावर सांगायचं. जीभच रेटेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या चपलांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मग रंगरावचं कौतुक सुरू झालं. रंगराव भजनात वरच्या पट्टीत गायचा. रंगरावने विहिरीचा रहाट नीट केला. देवळाकडून येताना निम्मं गाव त्याला हाक मारायचं. मी खाली मान घालून ऐकत होतो. "आन् मायाळू किती म्हनावं," ती म्हणाली. "दोस्त तापानं फणफणला, तर रातभर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठिवल्या रंगरावनं. आई बी करायची न्हाई येवढं."

पट्ट्या मी ठेवल्या होत्या!

दाखला चोरला, नाव चोरलं, आणि आता माझा चांगुलपणाही स्वतःच्या नावावर — म्हणजे माझ्याच नावावर — खपवला. आणि मला तोंड उघडायची सोय नाही, कारण मी ज्योतीराम. निघताना तिने विचारलं, "रंगराव येनार का न्हाई?" ठाऊक नाही म्हणालो.

२० जानेवारी

बायको होती तेव्हा म्हणायची, नाव रंगराव आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! ती गेली, मुलं नाहीत, कराडकडचं घर भावाने घेतलं. त्यानंतर या नावाने मला कोण हाक मारतं? टाइमकीपर, पोस्टमन, आणि आता वसुलीवाला.

तिकडे निघोज्यात मात्र रंगरावला सगळे हाका मारतात. माझं नाव माझ्यापेक्षा त्या चोरापाशी सुखात होतं. एकटं राहायची सवय झाली असं मी समजत होतो. झालेली नाही.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा निघोजे. रेडिओ जागेवर आहे ना ते बघायला, असं स्वतःला सांगून गेलो.

सुभद्राबाई म्हणाली, "ज्योतीराम, जरा बटन फिरवा की. गानं लागायची येळ झाली." मी दोन्ही हात पाठीमागे नेले. वकील डोळ्यांपुढे उभे! "हाताला काय झालं?" मी म्हणालो, सायकलीचं तेल लागलंय. ती हसली आणि स्वतःच उठून बटण फिरवलं. आधी बाजारभाव, मग अभंग. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. ती मधेच शेतमालाच्या भावावर बोलायची, सांगणाऱ्याशी भांडल्यासारखी.

बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. नको नको म्हणताना आणखी वाढलं. मला नको म्हणायला कोणी लावलं त्याला किती दिवस झाले.

२८ जानेवारी

उद्धवरावांना विचारून आलो — रेडिओ ऐकणं म्हणजे वापरणं का? खो खो हसले. "बटण कोणी फिरवलं?" म्हातारीने. "मग कान तुझे, बटण तिचं. बिनघोर ऐक." मग हसणं थांबवून म्हणाले, "पण तू तिथे जातोसच कशाला?"

मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो.

२ फेब्रुवारी, रविवार

निघोजे. शेंगा फोडत बसलो. फार बोललो नाही, पण गप्पही नव्हतो.

९ फेब्रुवारी, रविवार

गोठ्याची मेढ कलली होती, ती सरळ करून दिली. शेजारचा एकजण बांधावरून ओरडला, "ज्योतीराम, आमच्याकडं बी या की!" मी लगेच वळलो. चोरीचं नाव किती पटकन अंगी लागतं! इकडे चिंचवडात रंगराव म्हणून मागून हाक आली की अजून दचकतो, वसुलीवाला असेल म्हणून.

तिने आजही विचारलं, "रंगराव कवा येनार?" मी म्हैस बघत राहिलो.

१२ फेब्रुवारी

सोपानराव आला. चेहरा हसरा. दुकानाचे मालक करार रद्द करायला कबूल झाले — रेडिओ धड परत मिळाला तर. म्हणाला, "रविवारी टांगा घेऊन मी निघोज्याला येतो. तुम्ही हजर पाहिजे. घरातल्या बाईसमोर, गावचे दोघे साक्षी ठेवून सांगायचं, मी रंगराव, हा माल मी घेतलेला नाही, आणि सही ठोकायची. कारखान्याला पत्र मी स्वतः नेऊन देतो."

महिनाभर ज्याची वाट पाहिली ते हेच. पण तिच्यासमोर सांगायचं, मी रंगराव! म्हणजे इतके रविवार तिच्या ताटात जेवला तोही खोटाच. एक खोटा गेला, दुसरा आला. ती काय म्हणेल?

१३ फेब्रुवारी

दिवसभर एकच विचार. गुपचूप हप्ते भरून टाकले तर? रेडिओ तिच्याकडे राहील, मीही राहीन.

संध्याकाळी वकिलांकडे गेलो. सुपारी खाली ठेवली त्यांनी, तेव्हाच समजलो. "भर की," म्हणाले. "भर, आणि ज्योतीराम होऊन त्या बाईकडे जेवत जा जन्मभर. फक्त मार्चमध्ये कारखान्याने कोणाला कायम करायचं, ते सांगून ठेव."

फी घेतली नाही आज. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी

उद्या. सही करणार आहे. नाव माझं आहे, ते मलाच सोडवायला हवं. पण सोपानराव एक वस्तू उचलून नेणार, आणि माझं घर जाणार. घर म्हणजे तरी काय — रविवारची एक भाकरी आणि कोणीतरी आणखी घ्या म्हणणारं. रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय!

१६ फेब्रुवारी, रविवार

साक्षी जमले. सोपानरावने कागद पुढे केला आणि म्हणाला, "बाई, खरे रंगराव हे." मी वर बघितलंच नाही.

"ठावं हाय," सुभद्राबाई म्हणाली. "त्यो जाताना रडला माज्याम्होरं. म्हनला, मावशे, नाव माजं न्हाई, दोस्ताचं हाय. माज्या कपाळावर पट्ट्या ठिवल्या त्यो रंगराव. यील एक दिस. चपला भितीला लावून ठिवील, वळख त्यावरनं."

सही केली. टांगा गेला. कोनाडा रिकामा. मी सायकल घ्यायला वळलो.

"रंगराव," तिने हाक मारली. "भाकर गार हुतीया. हात धू, बाबा."