कार्ड गार होतं

१२ जानेवारी, दुपार

प्रिय खटखटबाई,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे कुरकुरत का होईना पण सोबत आहेत, तूही खुशाल असशील. मायन्यात सवयीने 'चि. सौ.' लिहायला गेले आणि हात थांबला. मग म्हटलं, कीबोर्डच्या खटखटीवरून मी तुला ठेवलेलं नाव तरी कुठल्या कोर्टाने काढून घेतलेलं नाही.

फोन का नाही केला, ते सांगते. पण आधी बातमी: तुझा कॉम्प्युटर धावायला लागला! अगं, सुसाट! मी अशी काही ओरडले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं, मी पडले.

झालं काय, तू गेलीस आणि हे धूड माझ्यासाठी ठेवून गेलीस. तुझ्या माजी नवऱ्याने, म्हणजे माझ्या आजी मुलाने, ते टेबलासकट माझ्या खोलीत हलवलं. तेव्हापासून आपण दोघींनी मिळून वसवलेलं गेममधलं गाव अडखळायला लागलं. कोंबडी दाराशी उभी असायची आणि एकदम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उगवायची. चित्र हलकं व्हावं म्हणून तू शिकवलं होतंस तशी एकेक सेटिंग खाली आणली. सावल्या गेल्या, पाण्याची चमक गेली. शेवटी लांबचं दिसणंही अगदी कमी केलं. मग विहिरीच्या पुढे नुसतं धुकं. तरी मी रोज जायचे, कोंबड्यांना दाणे टाकून यायचे.

दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. नवीन कॉम्प्युटर घ्या."

चिरंजीव म्हणाले, "आई, रविवारी भंगारात देतो."

मी म्हटलं, "म्हातारं झालं म्हणून भंगारात द्यायचं, तर रांगेत पहिला नंबर माझा."

मग मीच पदर खोचला. बटण बंद करून झाकण काढलं, ब्रशने धूळ झाडली. एक उशी भरली असती, एवढी निघाली. फरक शून्य. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर, नवा टाकला, तरी ढिम्म. मग झाकण उघडंच ठेवून गेम लावला आणि कार्डाजवळ हात नेला. गार! पंखासुद्धा स्वस्थ. तिथे माझी ट्यूब पेटली. राबणारा माणूस घामाघूम होतो ना? हा तर गारेगार. म्हणजे कार्ड म्हातारं झालेलं नाही, त्याला कोणी कामच सांगितलेलं नाही!

वाकून मागे पाहिलं. स्क्रीनची केबल मुलाने वरच्या सॉकेटमध्ये खोचलेली, थेट मदरबोर्डला. कार्डाचं सॉकेट खाली, रिकामं; म्हणजे चित्र कार्डाला वगळूनच येत होतं. घरात काय कशाला जोडलेलं असतं, हे त्याला कधी कळलंय? पण ते जाऊ दे.

केबल खाली लावली. स्क्रीन काळी झाली, आणि मग चित्र उमटलं! गेम लावला तर पंखा फर्रर्र! सगळ्या सेटिंग वर चढवल्या. सावल्या आल्या, पाणी चमकलं. सगळ्यात शेवटी लांबचं दिसणं पूर्ण केलं. धुकं सरकलं. विहीर दिसली, पूल दिसला, नदी, पलीकडचा काठ.

आणि काठावर एक घर.

मी बांधलेलं नाही. आणि गावात यायचा पासवर्ड आपल्या दोघींकडेच आहे. अंगणात दोन खुर्च्या, माझ्या घराकडे तोंड करून. दाराशी पायऱ्या नाहीत, उतार आहे. उडीचं बटण वेळेवर न दाबता येणारी, प्रत्येक पायरीला धडकणारी बाई आपल्या गावात एकच आहे, आणि तिला तू पोट धरधरून हसायचीस.

म्हणजे तू येत होतीस. मी अलीकडे विहिरीपाशी धुक्यात, आणि तू पलीकडे माझ्यासाठी उतार बांधत होतीस. रडले गं मी. शेजारीण तेवढ्यासाठी पुन्हा आली नाही, हे बरं झालं.

आता फोनचं. शेवटच्या मेसेजमध्ये तू लिहिलंस, 'काकू, काळजी घ्या.' कागदोपत्री बरोबरच असेल. पण तुझ्या तोंडून ते 'काकू' ऐकलं असतं तर पुढचं काहीच मला सांगता आलं नसतं. काकू मला तो दुकानदारही म्हणतो. तुमचं दोघांचं तुम्ही मिटवलंत, त्यात मी पडत नाही. तुझी मला फार आठवण येते, एवढंच माझं म्हणणं.

भंगारवाला रद्द केलाय. काल पूल ओलांडून उतारापर्यंत जाऊन आले. न धडकता वर चढले, पण आत गेले नाही. मालकिणीने बोलावल्याशिवाय कसं जायचं? रविवारी दुपारी चहाचा कप घेऊन मी तुझ्या दाराशी उभी असेन. दिसले तर हाक मार. काय म्हणून मारायची, ते तू ठरव. सही मात्र मी माझ्या मनाने करते.

तुझी
आई